शकुंतलेच्या खिडकीतून

हल्ली जो तो सुखी होण्याचे उपाय सांगतो. त्यातला एक मला पटला. रोजच्या जगण्यातल्या छोट्या छोट्या चांगल्या गोष्टी टिपून ठेवायच्या. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकक्युलॉ या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी त्यावर अभ्यासच छापला. काही लोकांना त्यांनी आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टी लिहायला लावलं, काहींना कटकटी लिहायला लावलं. पहिल्या गटातल्या लोकांना आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं जास्त वाटलं. आपल्या आज्यांना हे कुणी सांगावं लागलं नव्हतं म्हणा. असो.

हे वाचलं आणि मला आठवली आपली शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला नेणारी छोटी गाडी. आमच्या वऱ्हाडात लहानसहान आनंद टिपण्याची शाळा कुठे भरत असेल तर ती त्या डब्यांत.

गाडी अर्थातच आमच्या आनंदासाठी काढलेली नव्हती. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे धावू लागला. पण आडबाजूच्या गावांचा कापूस मुख्य लाइनपर्यंत आणायचा कसा? बैलगाड्यांनी किती आणणार? त्यासाठी अडीच फूट रुंदीचे रूळ पडले. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने १९१० साली त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. अचलपूरचा फाटा ७६ किलोमीटर, यवतमाळचा ११३. कापूस जायचा मँचेस्टरला, आणि गंमत अशी की पुढे ही गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं! १९२३ पासून १९९४ पर्यंत ते राबलं, मग डिझेल आलं. १९५१ साली देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली, हेही एक नवलच.

पण रूळ कापसासाठी पडले तरी डब्यात माणसं बसली, आणि त्यांनी त्या गाडीचं आपल्यापुरतं काहीतरी वेगळंच करून टाकलं. अचलपूर गाठायला चारेक तास लागत. वेग एवढा बेताचा की शेतातल्या माणसाशी डब्यातून बोलणं व्हायचं. फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावायचा, गाडी पुढे सरकली की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. तेवढ्यात पोरं उतरून बोरं वेचून यायची. मूर्तिजापूर सोडलं की लाखपुरीजवळ पूर्णा, मग दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट. दर्यापूरकडचा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथून अचलपूरला उतरून पहिला पेला प्यालं की पाण्याला चव असते हे कळायचं. थंडीतल्या स्वच्छ सकाळी पुढे गाविलगडचे डोंगर आधी धुरकट, मग निळे, मग हिरवट होत जायचे. हे बदलताना दिसतं ते सावकाश जाणाऱ्यालाच. दिवाळीनंतर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पोटासाठी तो वेचणारीला त्यात काय सुंदर दिसत असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडत नसे. आता पडतो.

१९६३ च्या हिवाळ्यात मी सहावीत होतो. पथ्रोटची माझी मामी आजारी होती. दर पंधरा दिवसांनी तिला अकोल्याला डॉक्टरांकडे न्यावं लागे. मामा शेतात अडकलेले, म्हणून सोबतीला कधी आजोबा, कधी शेजारचं कुणी, आणि पिशवी धरायला मी. पथ्रोटहून मूर्तिजापूर शकुंतलेने, पुढे मोठी गाडी. मामी खिडकीशी बसायची आणि तारांवरचे नीळकंठ मोजायची. मी एकदा विचारलं, "मामी, लय दुखते का वं?" तर म्हणाली, "दुखनं काय पयून जाते बाबू? ते घरी गेल्यावरबी हायेच. तू पाह्य, त्या खांबावर एक बसला." रात्री अकोल्याला नातलगांकडे पोचलो की ती आधी डॉक्टरांचं सांगायची नाही, "आज सात दिसले" म्हणून सांगायची. एकदा धुक्यामुळे एकही दिसला नाही, तर परतीच्या प्रवासात तिने मला झोपूच दिलं नाही.

मामी त्या दुखण्यातून उठली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात गेली. नीळकंठ मोजून आजार बरा होत नाही. पण आज आम्हा भावंडांत त्या खेपांचा विषय निघाला की औषधांची नावं कुणालाच आठवत नाहीत. सात की आठ, यावरून मात्र अजून वाद होतो.

म्हणूनच शकुंतलेच्या संथपणाचे जे नुसते गोडवे गातात त्यांच्याशी माझं पटत नाही. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला १९९९ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. पर्यटक हौसेने तिकीट काढून तिच्यात बसतात. आमच्याकडे हौस नव्हती, इलाज नव्हता. मामीसारख्या बाईला चार तास त्या लाकडी बाकावर हादरे खावे लागत. ती बाहेर पाहत होती, कारण आत पाहणं कठीण होतं. तिने शोधलेला आनंद तिचा. तो दाखवून कुणी "तुम्हाला जलद गाडी कशाला हवी?" असं विचारू नये. पुढे बस वाढल्या, लोकांनी गाडी सोडली, यात लोकांचं काय चुकलं?

२०१६ साली या मार्गाच्या ब्रॉडगेजची घोषणा झाली. २०२१ उजाडलं तेव्हा छोट्या गाडीचे दोन्ही फाटे शांत झाले होते. गाडी सुरू व्हावी म्हणून आमच्या भागातल्या लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. मीही सह्या केल्या आहेत. ब्रॉडगेज झालीच तर अचलपूर तास-दीड तासात यावं. माझी एकच जास्तीची मागणी आहे, खिडकीच्या काचा वर सरकवता येणाऱ्या असाव्यात.