पंडिता रमाबाई आणि आज्ञापालनाचे व्रत

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम हातच जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचे पीठ किती घट्ट भिजवावे हे मी सांगू शकेन, पण इतिहासावर लेख म्हणजे लहान तोंडी मोठा घास. तेव्हा बाई म्हणाल्या, "वर्षभर वाचनालयातून रमाबाईंचीच पुस्तके नेत होतात ना? मग तेच लिहा." मंडळाची आज्ञा मोडवेना, म्हणून लिहीत आहे. आणि गंमत अशी की, लिहायचे आहे तेही आज्ञेविषयीच.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आमच्या अंबरनाथच्या चाळीतच. आमच्या शेजारीणबाई ख्रिस्ती, मूळच्या वसईकडच्या. त्यांच्या मुलीने गेल्या वर्षी सिस्टर होण्याचे व्रत घेतले. चाळीतल्या आम्ही चारजणी त्या समारंभाला गेलो होतो. सर्वांसमोर उभे राहून त्या मुलीने तीन शपथा घेतल्या: दारिद्र्याची, ब्रह्मचर्याची आणि आज्ञापालनाची. पहिल्या दोन मला लगेच समजल्या. आपल्याकडेही संन्यासी घरदार व पैसाअडका सोडतात. तिसरी मात्र मनात टोचत राहिली. ऐकण्याची शपथ कशाला घ्यायला हवी? आम्हां बायकांना ती जन्मतःच घातलेली असते! बापाने, मग नवऱ्याने, मग मुलाने राखावे, असे मनूने लिहून ठेवले आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते पाळले.

ती मुलगी सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिला हे विचारले. तिने शांतपणे समजावून दिले. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे पहिल्या माणसाने, आदामाने, देवाची आज्ञा मोडली आणि त्यातून पाप जगात आले. ख्रिस्ताने मरण पत्करण्यापर्यंत आज्ञा पाळली आणि त्यातून तारण आले. म्हणून आज्ञापालन हा मोठा सद्गुण. इटलीत सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाचे संत होऊन गेले. मठात राहणाऱ्यांसाठी त्यांनी नियमांचे एक पुस्तक लिहिले. त्यात वरिष्ठांची आज्ञा विनाविलंब पाळावी असे सांगितले आहे. त्या पुस्तकाचा पहिलाच शब्द आहे "ऐक". आपल्या मराठीतही पाहा, कानाने ऐकणे आणि सांगितलेले मानणे या दोहोंना एकच शब्द आहे. "मुलगी ऐकत नाही" असे आपण म्हणतो तेव्हा तिचे कान बिघडले आहेत असा अर्थ नसतो.

पण त्याच पुस्तकात आणखी एक नियम आहे, असे ती म्हणाली. मठात महत्त्वाचे काम निघाले की प्रमुखाने सर्वांना बोलवावे, अगदी धाकट्यालाही, आणि प्रत्येकाचे म्हणणे ऐकून मग निर्णय करावा. कारण पुष्कळदा देव योग्य गोष्ट धाकट्याच्याच मनात घालतो. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या पंडिताने लिहिले की, वरिष्ठाची आज्ञा त्याच्याहून वरच्या आज्ञेविरुद्ध असेल तर ती पाळण्याचे बंधन नाही. हे ऐकून मी चकित झाले. ऐकावे, पण ऐकून घेणाराही असावा, असा हा दुहेरी व्यवहार आहे तर! परंतु शास्त्रात एक असते आणि व्यवहारात दुसरेच घडते, याचा अनुभव आपल्याच महाराष्ट्रातील एका बाईंनी घेतला. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला, पण शिकवणे सोडले नाही. म्हणजे न ऐकण्याचे बाळकडू रमाबाईंना वडिलांकडूनच मिळाले. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. दोन वर्षांच्या आतच ते वारले. पदरी मनोरमा ही लहानगी मुलगी. १८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला व 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. १८८३ साली वैद्यकी शिकावी म्हणून त्या विलायतेला गेल्या. पुण्यास पंचहौदाच्या मिशनमध्ये ज्या सिस्टर काम करीत, त्यांचा मूळ मठ इंग्लंडात वाँटेज या गावी होता. तिथे त्या उतरल्या. सिस्टरना मराठी शिकवायचे आणि त्याबदली राहायचे, असे ठरले होते. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत मात्र सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना प्रेमाने "आजीबाई" म्हणत.

आता खरी गोष्ट सुरू होते. या दोघींचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे. माझी मुलगी बारावीला होती. रात्री भांडी आटोपली की ती एक एक पत्र वाचून मला मराठीत सांगे. कधी आम्ही दोघी हसत असू, कधी गप्प होत असू.

तंटे कशावरून झाले म्हणाल, तर आपल्या घरात होतात तसेच लहानमोठ्या गोष्टींवरून. रमाबाई मांस-मासे खात नसत. धर्म बदलला तरी जेवण बदलले नाही. सिस्टरना वाटे, हा अजून जातीचा अभिमान आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरायची निघाली तेव्हा रमाबाईंनी विचारले की, संस्कृत का नको? जी भाषा मला येत नाही आणि माझ्या देशबांधवांनाही येत नाही, ती काय म्हणून अधिक पवित्र?

त्याहून मोठा प्रश्न शिकवण्याचा निघाला. १८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहू लागल्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील या स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या नामांकित बाई होत्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली. पण मुंबई व लाहोर येथील बिशपांनी ती मोडून काढली. हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे मोठे आश्चर्य वाटले. माझ्या आईने किंवा मी तरुण मुलांना शिकवण्यास माझ्या वडिलांचा किंवा पतीचा विरोध नव्हता, मग या इंग्रज लोकांचा का असावा, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. माझी मुलगी हे वाचताना खुर्चीवरून उठूनच उभी राहिली होती!

आणि सर्वांत मोठा प्रश्न श्रद्धेचा. चर्चने सांगितलेली काही तत्त्वे, विशेषतः त्रैक्याचे तत्त्व, त्या वेळी रमाबाईंच्या बुद्धीला पटत नव्हते. सिस्टर म्हणत, चर्चची शिकवण नम्रपणे मान, तू फार गर्विष्ठ झाली आहेस. रमाबाईंचे उत्तर असे की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता दुसऱ्या तशाच जोखडात मान घालण्यास मी तयार नाही. कोणी वरिष्ठ सांगतो म्हणून त्याचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा ठरत नाही. देवाने मला बुद्धी दिली आहे, तिला विचारून मी देवाची आज्ञा पाळीन.

इथे सिस्टर जेराल्डीनवर अन्याय होऊ नये, म्हणून एक सांगते. त्या दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनी स्वतः आज्ञापालनाचे व्रत घेतले होते. आपली इच्छा देवाच्या पायाशी ठेवून त्यांना समाधान लाभले होते आणि तेच आपल्या लाडक्या लेकीला लाभावे, असे त्यांना वाटे. आपल्या सासवाही पुष्कळदा याच भावनेने बोलत नाहीत काय? मी सोसले आणि माझे भले झाले, तूही सोस. पण जेराल्डीनबाईंनी स्वेच्छेने व्रत घेतले होते. रमाबाईंनी ते घेतले नव्हते. न घेतलेल्या व्रताची वसुली करू पाहावी, इथेच चूक होती, असे माझ्या अल्पमतीला वाटते. तरीही रागाने लिहिलेली ती पत्रे सिस्टरनी जपून ठेवली. म्हणूनच आज आपल्याला रमाबाईंचा आवाज ऐकू येतो. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

१८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई मठाची नाराजी पत्करून तिकडे गेल्या. तिथे 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' हे पुस्तक इंग्रजीत लिहिले, व्याख्याने दिली, मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. त्यात बालविधवा शिकू लागल्या. आता हिंदू पुढारी म्हणू लागले, ही मुलींना बाटवील. मिशनरी म्हणू लागले, ही धर्म पुरेसा शिकवीत नाही. रमाबाईंनी दोघांचेही ऐकले नाही. मुलींवर सक्ती नव्हती, पण स्वतःची प्रार्थना त्या दार उघडे ठेवून करीत. १८९३ साली मोठे वादळ झाले, रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी संबंध सोडला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

मात्र आज्ञा मानणाऱ्या फक्त बायकाच होत्या असेही नाही. त्याच पंचहौदाच्या मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला, म्हणून पुण्याच्या मोठमोठ्या पुरुषांवर खटला झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. एवढा मोठा माणूसही समाजापुढे मान तुकवतो, तिथे रमाबाई एकट्या उभ्या राहिल्या, याचे मोल यावरून कळावे.

१८९७ साली पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे जे हाल झाले, त्यांविषयी त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारलाही सुनावले. दुष्काळातल्या निराधार मुली-बायका गोळा करून केडगावला मुक्तिसदन वाढवले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली. तिथे बायका विणकाम, शेती शिकल्या, छापखानाही चालवू लागल्या. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. आदल्याच वर्षी मनोरमा गेली होती.

आणि हे विसरता कामा नये की, पुढे १८९१ च्या सुमारास ख्रिस्तावरची त्यांची श्रद्धा दृढ झाली. त्यांनी आपले सर्वस्व देवाला वाहिले आणि शेवटपर्यंत एखाद्या सिस्टरपेक्षाही कडक व्रतस्थ जीवन काढले. म्हणजे त्यांनी आज्ञापालन टाकले नाही. ते कोणाला द्यायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. "नाही" म्हणण्याची ताकद जिच्यात आहे, तिच्याच "होय" ला किंमत असते. माझ्या वाचनाचे सार एवढेच.

आता थोडे घरचे. सातवीनंतरची शाळा लांब होती, म्हणून मला घरी बसवले. मी एक अवाक्षर काढले नाही. "किती गुणाची, ऐकणारी पोर!" असे सगळे म्हणाले. त्या कौतुकापायी मला रडताही आले नाही. ते आज्ञापालन नव्हते. मला कोणी विचारलेच नव्हते, तर मी पाळले काय?

माझ्या मुलीला बारावीनंतर पुण्यास नर्सिंगला जायचे होते. घरात सर्वांचा विरोध, आणि लाजेने सांगते, मीही तिला म्हटले होते, "मोठ्यांचे ऐक." जी मुलगी रात्री मला रमाबाईंची पत्रे वाचून दाखवी, तिलाच मी सकाळी असे सांगत होते! शेवटी एका रविवारी मी सर्वांना चहाला एकत्र बसवले आणि म्हटले, "आज निकाल नको. आज फक्त तिचे ऐकून घेऊ." ती बोलली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "या घरात येऊन मला पन्नास वर्षे झाली. मला कोणी असे बसवून विचारले नाही." त्या एवढेच बोलल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी फॉर्मचे पैसे त्यांनीच काढून दिले. प्रवेश मिळेल की नाही, हे अजून ठरायचे आहे.

उल्हासनगरच्या कॅम्पांतून आणि बदलापूरहून लोकलची गर्दी सोसून आपल्या भगिनी मंडळात येतात. आल्यावर बोलतो मात्र आम्ही जुन्या चारपाचजणीच. नव्या सुना सतरंजीच्या कडेला बसून माना डोलावतात. माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षापासून प्रत्येक सभेत सर्वांत धाकट्या सभासदेने प्रथम बोलावे आणि अध्यक्षीणबाईंनी सर्वांत शेवटी. सूचना मान्य करायची की नाही, हे अर्थातच सर्वांचे ऐकून ठरवावे.