यंत्रविधान ते चेतासदृश यंत्र : अनुकरणाची दोन युगे

माहीकाठचे सरदारपूर मागे टाकून पूर्वेकडे निघाले की काही कोसांवर धार लागते. या नगरीशी आपल्या घराण्यांचे नाते अठराव्या शतकातील पवारांच्या आगमनापासूनचे. नगरीची कीर्ती मात्र त्याहून सात शतके जुनी. अकराव्या शतकात येथे राज्य करणारा परमार राजा भोज आपण ओळखतो तो कवींचा आश्रयदाता आणि काव्यशास्त्राचा जाणकार म्हणून. त्याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुग्रंथातील एकतिसावा अध्याय केवळ यंत्रांना वाहिलेला आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. हा ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित केला आणि तो १९२४-२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत दोन खंडांत प्रसिद्ध झाला. धारच्या राजाची विद्या एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने छापील रूपात अभ्यासकांच्या हाती आली, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

'यंत्रविधान' नावाच्या त्या अध्यायात यंत्राची व्याख्या मार्मिक आहे. आपापल्या मार्गाने चालणाऱ्या भूतांना ज्याच्या योगे नियमात आणले जाते ते यंत्र. पुढे नाना कृतींचे वर्णन येते : दाराशी उभा राहून आगंतुकास अडवणारा द्वारपाल, तालावर नाचणाऱ्या पुतळ्या, पाणी पिणारा हत्ती, दिव्यात तेल घालणारी बाहुली, पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी. ही सारी यंत्रे सजीवाचे अनुकरण करतात. परंतु ते अनुकरण बाह्य हालचालीचे आहे. हत्ती सोंड हलवतो, त्याला तहान नसते. द्वारपाल हात उगारतो, पण समोर मित्र आहे की शत्रू हे तो जाणत नाही.

या अध्यायातील आणखी एक विधान इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. यंत्रांची प्रत्यक्ष घडण आपण सांगितलेली नाही, ती गुप्ततेसाठी. अज्ञानामुळे नव्हे, असे ग्रंथकार स्पष्ट म्हणतो. परंपरेने आलेले ज्ञान, गुरूच्या उपदेशासह कौशल्य, शास्त्राभ्यास, प्रत्यक्ष कामाचा सराव आणि बुद्धी ही ज्याच्यापाशी असतील त्यालाच ही यंत्रे साधतील, असा त्याचा भाव आहे. त्याने विसंबावे अशी परंपरा तेव्हा होती. पुढे राज्ये बदलली, कारागीर पांगले, आणि ग्रंथात जे लिहिले नव्हते ते उरले नाही. आज त्या अध्यायावरून ते उडते पाखरू कोणीही बांधू शकत नाही. 'सारे काही आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणणाऱ्यांनी आणि त्या ग्रंथांना भाकडकथा म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे विधान नीट वाचावे.

सजीवाच्या बाह्य हालचालीऐवजी त्याच्या चेतासंस्थेच्या कार्यतत्त्वाचे अनुकरण करावे, हा विचार शास्त्रीय स्वरूपात विसाव्या शतकात आला. १९४३ मध्ये वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स या अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी चेतापेशीचे गणिती प्रारूप मांडले. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक संकेत मिळाले तर पेशीने संदेश पुढे धाडावा, एरवी गप्प राहावे, एवढेच त्याचे सूत्र. दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाचा जो आराखडा लिहिला त्यात याच चेतापेशीची परिभाषा वापरली होती. परंतु त्यातून जे यंत्र घडले ते मेंदूपासून दूर गेले. त्यात स्मृती एका जागी आणि गणन दुसऱ्या जागी असते. प्रत्येक आकडा स्मृतीतून आणायचा, त्यावर क्रिया करायची आणि तो परत नेऊन ठेवायचा. ज्या पेढीत रोकड एका वाड्यात आणि मुनीम दुसऱ्या वाड्यात बसतो, तेथे दिवसाचा बराच वेळ ये-जा करण्यातच जावा, तशी ही गत. मेंदूचे असे नाही. त्याच्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी एकमेकींशी जेथे जोडल्या जातात त्या चेतासंधींतच स्मृतीही वसते आणि कार्यही होते. आणि हा सारा कारभार सुमारे २० वॅट शक्तीत, म्हणजे एका मंद दिव्याच्या खर्चात, चालतो. फॉन नॉयमन यांनाही हा भेद अस्वस्थ करीत असावा. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा संगणक आणि मेंदू यांच्या तुलनेवरील त्यांची व्याख्याने अपुरीच राहिली होती; ती पुढील वर्षी ग्रंथरूपाने निघाली.

या अपुऱ्या धाग्याला अभियांत्रिकीचे रूप दिले ते कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे कार्व्हर मीड यांनी. अत्यल्प विद्युत्प्रवाहावर चालवलेल्या ट्रान्झिस्टरचे वर्तन आणि चेतापेशीच्या आवरणातून वाहणाऱ्या प्रवाहाचे वर्तन यांत गणिती साम्य आहे, हे त्यांनी ओळखले. 'न्यूरोमॉर्फिक' हा शब्द त्यांचाच. आपण त्याला 'चेतासदृश' म्हणू. त्यांच्या हाताखाली मिशा माहोवाल्ड ही जीवशास्त्राची पदवीधर तरुणी काम करीत होती. तिने सिलिकॉनमध्ये दृष्टिपटल घडवले. त्यातील प्रत्येक बिंदू आपल्यावर पडणारा उजेड शेजारच्या बिंदूंच्या सरासरीशी ताडून पाहतो आणि केवळ फरक कळवतो. कोऱ्या भिंतीविषयी त्याला फारसे सांगायचे नसते. भिंतीवरची पाल हलली की ते बोलू लागते. आपला डोळाही बव्हंशी असेच करतो आणि म्हणूनच इतक्या काटकसरीने पाहू शकतो. १९९१ मध्ये तिने रॉडनी डग्लस यांच्यासह सिलिकॉनची चेतापेशीही सिद्ध केली. १९९६ च्या अखेरीस, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. परंतु तिचे काम तिच्याबरोबर गेले नाही. आकृत्या, समीकरणे, मोजमापे सारे प्रसिद्ध झालेले होते. आज जगभर 'घटना टिपणारे' जे कॅमेरे तयार होतात त्यांचे मूळ तिच्या दृष्टिपटलात आहे.

उणीव राहिली होती ती चेतासंधीची. जितकी वहिवाट अधिक तितकी पायवाट रुळते. तसा वापरागणिक बदलणारा आणि वीज गेली तरी तो बदल जपणारा घटक हवा होता. असा घटक असला पाहिजे, हे लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये केवळ गणिताने दाखवले आणि त्याला 'मेमरिस्टर' असे नाव दिले. त्यातून किती विद्युत्भार वाहून गेला त्यावर त्याचा रोध ठरतो. २००८ मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात हा गुण दाखवून दिला आणि तोही निबंध जगापुढे ठेवला.

येथून ही कथा आपल्या परिसरात येते. मेमरिस्टरसाठी अब्जावधींचा कारखानाच लागतो असे नाही. धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर साध्या रासायनिक रीतीनेही देता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या अभ्यासाची परंपरा होतीच. तेथे तुकाराम डोंगळे, रजनीश कामत, प्रमोद पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड यांचे मेमरिस्टर अभ्यासले आणि चेतासंधीच्या अनुकरणावर एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले. पवईच्या आयआयटीत उदयन गांगुली आणि त्यांचे सहकारी अत्यल्प ऊर्जेच्या कृत्रिम चेतापेशीवर काम करीत आले आहेत. आणि आपल्या माळव्यातच, इंदूरजवळ सिमरोल येथील आयआयटीत, शैबल मुखर्जी यांच्या गटाने यट्रियम ऑक्साइडचे मेमरिस्टर घडवले आहेत. भोजाच्या धारेपासून सिमरोल फार तर दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे.

मोठ्या प्रमाणावरील प्रयत्नही झाले. पवईचेच एक माजी विद्यार्थी धर्मेंद्र मोधा यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमने २०१४ मध्ये 'ट्रूनॉर्थ' ही चिप सादर केली. तिच्यात दहा लक्ष कृत्रिम चेतापेशी आणि २५.६ कोटी चेतासंधी असून ती सुमारे ७० मिलिवॅटवर चालते. इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'हाला पॉइंट' या यंत्रणेत ११५ कोटी चेतापेशी आहेत. तिला अधिकाधिक २,६०० वॅट लागतात. मानवी मेंदूच्या पेशींच्या मानाने हा सत्तरावा हिस्साही नाही, आणि पेशींची संख्या म्हणजे बुद्धी नव्हे. शिवाय बाजारातील बहुतेक कृत्रिम बुद्धिमत्ता अजून जुन्याच धाटणीच्या, भरमसाट वीज खाणाऱ्या यंत्रांवर चालते. हत्तीला तहान लागण्याचा दिवस अद्याप दूर आहे.

तरीही दोन युगांतील भेद स्पष्ट आहे. भोजकाळी बुद्धी कमी होती असे मानण्यास आधार नाही; धारेच्या कारागिराची कुशलता आपण नाकारू शकत नाही. भेद आहे तो ज्ञान सुपूर्त करण्याच्या रीतीत. एका ग्रंथकाराने घडण झाकून ठेवली आणि सारा भरवसा परंपरेवर टाकला. परंपरा तुटताच विद्या गेली. दुसरीकडे तेहतिसाव्या वर्षी निवर्तलेल्या एका तरुणीची विद्या, तिने घडण उघड लिहिली म्हणून, समुद्रापार गेली. पॅसाडेना, कोल्हापूर आणि सिमरोल यांना जोडणारा धागा रक्ताचा नाही की गुरुमंत्राचा नाही. तो छापलेल्या निबंधांचा आहे.

आपल्या घराण्यांना हा विचार परका वाटू नये. देश सोडून माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी दप्तरे जपली, परंतु ती वाचणारी मोडी पुढच्या पिढीला शिकवली नाही, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत. कुलाचार, पाककृती, औषधी, हिशेबाच्या रीती यांतले कितीतरी 'घरातले घरात' राहिले आणि घराबरोबर गेले. भोजाचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. पण त्याने जे सांगितले नाही त्याची किंमत धारेने मोजली आहे, हेही ध्यानी ठेवून आपल्यापाशी जे आहे ते घडणीसकट लिहून ठेवावे.