बारा बोअरची गोळी आणि मावळचे रान

शिकारीच्या इतिहासात राजे येतात, वाघ येतात, मचाणे येतात. बंदुकीच्या नळीत काय भरले होते हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आमचे म्हणणे असे की, नळीतल्या त्या शिशाकडे नीट पाहिले तर राजा, साहेब, शेतकरी आणि हाकारा यांचे परस्परसंबंध जितके स्वच्छ दिसतात तितके बखरीतही दिसत नाहीत.

भोर आणि वेल्ह्याचा मुलूख आपल्या परिचयाचा आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे. वर राजगड, तोरणा आणि रायरेश्वर. खाली कोकणात उतरणारे कडे. या रानात सांबर आहे, भेकर आहे आणि पिसोरीही आहे. पिसोरी शास्त्राने हरणात बसत नसली तरी लोक तिला हरणातच मोजतात. सांबराचा मोठा नर दोनशे किलोच्या पुढे जातो, भेकर वीस-पंचवीस किलोचे आणि पिसोरी जेमतेम तीन किलोची. या सर्वांना एकच गोळी चालणार नाही, हे सांगायला शिकारी कशाला हवा?

आता थोडे शिशाचे गणित पाहू. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणजे एक गोळी सुमारे अडतीस ग्रॅमची. पण या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. गुळगुळीत नळीतली गोल गोळी चाळीस-पन्नास पावलांपर्यंत विश्वासाची. पुढे ती भरकटते. म्हणून पुष्कळजण एकेरी गोळीऐवजी मोठे छर्रे पसंत करीत. एल.जी., एस.जी. अशा नावांच्या काडतुसांत असे सहा ते नऊ छर्रे असतात. नेम थोडा चुकला तरी एखादा लागतो, हा त्यांचा लौकिक.

खरी मेख या लौकिकातच आहे. चाळीस पावलांवर छर्रे पांगतात. भेकराला त्यांतले दोन पुरतात; सांबराला दोन लागले तर ते पडत नाही, पळते. पोटात शिसे घेऊन ते कड्याखालच्या जाळीत शिरते आणि दोन-तीन दिवसांनी मरते. ते ना शिकाऱ्याला मिळते, ना रानाला राहते. या अडचणीवर जगभर उपाय शोधले गेले. कर्नल फॉस्बरी या इंग्रज अधिकाऱ्याने 1885 साली नळीच्या फक्त तोंडाशी पीळ देण्याची युक्ती काढली. ती ‘पॅराडॉक्स’ बंदूक हिंदुस्थानातल्या साहेबांना फार आवडली. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी 1898 मध्ये गोळीच्याच अंगावर खाचा पाडल्या आणि तिच्या मागे बूच जोडले. पुढचे अंग जड, मागचे हलके, म्हणून ती तोंड पुढे ठेवून जाते. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी 1931 मध्ये मागून पोकळ अशी स्वस्त गोळी केली. एकाच घावात जनावर पडावे, हा या साऱ्यांचा हेतू.

पण मावळच्या शेतकऱ्याच्या हाती यांतले काय आले? त्याच्या हाती आली ठासणीची बंदूक. तोंडातून दारू ओतायची, चिंधी गजाने ठासायची, मग शिसे, पुन्हा चिंधी, आणि टोपी लावून चाप ओढायचा. एक बार झाला की दुसऱ्याला वेळ लागणार. गोळी घरी ओतलेली, मापाची असेलच असे नाही. नसली तर शिशाचे तुकडे. अशा हत्याराने जनावर जखमी होणार हे ठरलेलेच होते. त्यात दोष त्याच्या दयामायेचा नव्हता, परवान्याचा होता.

परवान्याची ही कथा 1878 पासून सुरू होते. लॉर्ड लिटनच्या अमदानीतल्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाची बंदूक परवान्याखाली आणली. गोऱ्यांना मात्र पुढे कितीतरी वर्षे सूट होती. भोर हे पंतसचिवांचे संस्थान, नऊ तोफांच्या सलामीचा मान असलेले. अशा संस्थानाच्या हद्दीत कायदा संस्थानचा असला, तरी बंदूक आणि काडतूस येई ते इंग्रजी मुलखातून, साहेबाच्या संमतीने. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता आणि कामगाराला जगण्यापुरत्या वेतनाचा हक्कही होता. आम्ही कामगार चळवळीतली माणसे दुसरा हक्क पाठ म्हणतो. पहिला त्याच पानावर होता, हे विसरतो.

भोर संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे 1959 चा नवा हत्यार कायदा आला आणि त्यानेही जुनीच उतरंड शब्दांत मांडली. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक, पीकरक्षणासाठी ठासणीची. ठासणीची पुरत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तरच शेतकऱ्याला दुसरी. म्हणजे गोळी कोणती, हे जनावर पाहून ठरत नव्हते. माणूस पाहून ठरत होते.

या उतरंडीच्या तळाशी हाकारा होता. डबे वाजवीत, आरोळ्या देत रान उठवायचे काम त्याचे. ठिकठिकाणच्या संस्थानांत ते वेठीने करून घेतले जाई. पांगलेला छर्रा त्याच्या अंगावर येई, जखमी डुक्कर उलटे तेही त्याच्यावर. एकेरी गोळी शेकडो पावले पलीकडेही माणूस मारू शकते. बंदूकवाल्याने काडतूस निवडताना या माणसाचा विचार किती केला असेल, ते ज्याचे त्याने ताडावे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या निवडीलाही कलम दिले. सांबर आणि भेकर ‘मोठी शिकार’ या परिशिष्टात गेली. मोठी शिकार रायफलीनेच करायची; बंदूक वापरायची तर परवान्यात खास मुभा हवी, आणि तीही एकेरी गोळीनेच. सतराव्या कलमातली ही एक ओळ. छर्ऱ्यांनी होणाऱ्या यातना सरकारदरबारी मान्य झाल्या, हे त्या ओळीचे श्रेय. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्याची ती कलमेच गेली आणि हरणासाठी काडतूस निवडण्याचा प्रश्न कायद्याने संपला. तो संपला हे योग्यच झाले. पळणाऱ्या सांबराच्या पोटातले शिसे आठवले की त्याविषयी दुमत राहत नाही.

पण खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून उभा आहे. बारा बोअरची काडतुसेही त्याने बनविली. ती भरणारा कामगार आणि रानाच्या कडेला नाचणी, भात राखणारा शेतकरी एकाच जिल्ह्याचे. डुक्कर आजही पीक उलथते. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पंचनाम्यासाठी खेटे घालायचे ते ज्याचे शेत त्यानेच. रान सर्वांचे आहे असे आपण शहरात म्हणतो. मग त्याची राखण एकट्या वेल्ह्याच्या शेतकऱ्याच्या खर्चाने का व्हावी? गोळी थांबवली, ते चांगले केले. आता भरपाई वेळेवर आणि पुरी मिळावी, यासाठी आपण शहरवासीयांनी आवाज उठवला पाहिजे. पूर्वी रान उठवायला हाकारा लागत असे. आज सरकार उठवायला आपण हाकारे होऊ या.