सैबेरियाचा वायू आणि मधले अंगण

तेलाने भरलेले जहाज भर समुद्रात असतानाही त्याचे तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवता येते. एका गिऱ्हाइकाशी बिनसले तर दुसरे पाहता येते. नळातून जाणाऱ्या नैसर्गिक वायूचे तसे नसते. एकदा नळ जमिनीत पुरला की विकणारा आणि घेणारा वीस-पंचवीस वर्षांसाठी एकमेकांना बांधले जातात. म्हणून असा नळ टाकायचा तर इंजिनिअरांच्याही आधी मुत्सद्दी, बँकवाले आणि वकील कामाला लागतात. या मुत्सद्देगिरीचा सर्वांत बोधप्रद अध्याय म्हणजे सैबेरियातून पश्चिम युरोपात गेलेली वायुवाहिनी. तिच्यावरून महासत्ता भांडल्या, मित्रराष्ट्रांत वितुष्ट आले. आणि त्या साऱ्या वादात ज्याचे नावही फारसे निघाले नाही, तोच तिसरा पुढे निर्णायक ठरला. त्याची ही हकिगत.

लोखंड द्या, वायू घ्या

सोव्हिएत रशियाकडे वायू अमाप होता, पण तो वाहून नेण्यासाठी लागणारे मोठ्या व्यासाचे पोलादी नळ पुरेसे नव्हते. ते बनवण्यात पश्चिम जर्मनीचे कारखाने वाकबगार. पण १९६२ च्या अखेरीस अमेरिकेच्या आग्रहावरून नाटो संघटनेने असे नळ रशियाला विकू नयेत असे ठरवले. चॅन्सेलर आडेनॉवर यांच्या सरकारने ते मानले आणि जर्मन कारखानदारांचे ठरलेले सौदे मोडले. रशियाची तेलवाहिनी त्यामुळे थोडी रखडली, थांबली मात्र नाही. रशियाने नळ स्वतःच बनवायला घेतले. १९६६ साली ही बंदी उठली.

१९६९ साली विली ब्रांट चॅन्सेलर झाले आणि वारा फिरला. पूर्वेकडच्या शेजाऱ्यांशी बोलत राहावे, व्यापार करावा, म्हणजे हळूहळू तेढ कमी होईल, असे त्यांचे धोरण. १ फेब्रुवारी १९७० रोजी एसेन शहरात करारावर सह्या झाल्या. मानेसमान कंपनीने बारा लाख टन नळ द्यायचे, जर्मन बँकांनी त्यासाठी १२० कोटी मार्कांचे कर्ज द्यायचे आणि रशियाने ते वीस वर्षे वायू पुरवून फेडायचे. आपल्याकडे सोसायटीचे कर्ज उसाच्या बिलातून वळते होते, त्यातलाच हा प्रकार. पीक येईपर्यंत सावकार शेतकऱ्याला सांभाळतो आणि पीक घरी यावे म्हणून शेतकरी सावकाराला. १ ऑक्टोबर १९७३ रोजी पश्चिम जर्मनीत रशियन वायू पोचला. त्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलाचे भाव कडाडले, आणि एसेनचा करार दूरदृष्टीचा वाटू लागला.

एका नळावरून मित्रांचे भांडण

पुढचा बेत याहून मोठा होता. उत्तर ध्रुववृत्ताच्या काठावर उरेंगोय येथे १९६६ साली वायूचा प्रचंड साठा सापडला होता. तिथली जमीन बारमाही गोठलेली. तिथून उरल पर्वत आणि व्होल्गा नदी ओलांडून युक्रेनच्या पश्चिम टोकाला उझगोरोदपर्यंत सुमारे ४,४५० किलोमीटरचा नळ न्यायचा. व्यास १,४२० मिलिमीटर, म्हणजे शाळकरी मूल आत उभे राहू शकेल एवढा. वर्षाला सुमारे ३२ अब्ज घनमीटर वायू वाहून नेण्याची त्याची क्षमता. वायू पुढे ढकलण्यासाठी वाटेत चाळीसच्या आसपास कॉम्प्रेसर केंद्रे. नोव्हेंबर १९८१ मध्ये जर्मनीच्या रूरगॅस कंपनीने करार केला आणि जानेवारी १९८२ मध्ये फ्रान्सने.

या दोन सह्यांच्या मध्ये, १३ डिसेंबर १९८१ रोजी, पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि सॉलिडॅरिटी संघटनेचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी त्याचा ठपका मॉस्कोवर ठेवला आणि तेल-वायूच्या अमेरिकन यंत्रसामग्रीची रशियाला होणारी निर्यात थांबवली. १८ जून १९८२ रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले. अमेरिकन कंपन्यांच्या परदेशी शाखांना, आणि अमेरिकन परवान्यावर माल बनवणाऱ्या युरोपीय कारखान्यांनाही ही बंदी लागू केली. रशियाला युरोपाच्या पैशावर परकीय चलन मिळेल आणि युरोपच्या नाड्या त्याच्या हाती जातील, ही त्यांची भीती.

युरोपात संताप उसळला. आपल्या भूमीवरच्या कारखान्याला वॉशिंग्टनचा कायदा कसा लागू होतो, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त झोंबणारा होता. कार्टर यांनी रशियावर घातलेली धान्यबंदी रेगन यांनीच एप्रिल १९८१ मध्ये उठवली होती. म्हणजे अमेरिकेचा गहू रशियाला चालतो आणि युरोपाचे नळ चालत नाहीत? बेकारीने गांजलेल्या युरोपात या मागण्यांवर हजारो कामगारांची चूल अवलंबून होती. मार्गारेट थॅचर या रेगन यांच्या सर्वांत जवळच्या मैत्रीण. पण स्कॉटलंडमधील जॉन ब्राउन कंपनीची टर्बाइने अडकली तेव्हा त्याही उघडपणे विरोधात उभ्या राहिल्या. फ्रान्स सरकारने तर एका अमेरिकन कंपनीच्या फ्रेंच शाखेला माल पाठवण्याचा हुकूमच काढला, आणि ऑगस्टमध्ये ल हाव्र बंदरातून तीन कॉम्प्रेसर घेऊन जहाज निघाले. दरम्यान परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज शुल्ट्झ यांनी समजुतीचा मार्ग काढला आणि १३ नोव्हेंबर १९८२ रोजी रेगन यांनी बंदी मागे घेतली. वाहिनी पुरी झाली. १९८४ च्या आरंभी फ्रान्सला वायू मिळू लागला.

रेगन यांची भीती खरी ठरली का? पुढची काही वर्षे तरी नाही. शीतयुद्धाच्या ऐन कडाक्यात, अणुअस्त्रे एकमेकांवर रोखलेली असताना, वायू मुकाट वाहत राहिला. रशियाला मार्क हवे होते, जर्मनीला ऊब हवी होती. व्यवहार चोख राहिला.

रेषा हलली, नळ तिथेच राहिला

या भांडणातली कागदपत्रे पाहिली तर दोनच टोकांची चर्चा दिसते: देणारा आणि घेणारा. नळाचे ११०० किलोमीटरहून अधिक अंतर युक्रेनमधून जात होते. पण युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघाचा एक भाग. त्याला कोण विचारणार? त्याची सही कोणी मागितली नाही, कारण वेगळी सही करण्याइतके त्याचे अस्तित्वच मान्य नव्हते.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि नळाच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा उभी राहिली. सीमाभागातल्या वाचकांना हे फोडून सांगायला नको. १९५६ साली आपल्या राज्यांच्या रेषा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा रस्ते, बाजार आणि सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या. बदलल्या त्या कचेऱ्या. नळही असाच जागचा हलला नाही, पण त्याचे धनी बदलले. एक अंगण आता वेगळ्या मालकाचे झाले, आणि युरोपकडे जाणारा बहुतेक रशियन वायू त्याच अंगणातून जात होता.

मग जे व्हायचे तेच झाले. वायूचा भाव किती, वाटेचे भाडे किती, थकबाकी कोणाकडे, यावर तंटे सुरू झाले. युक्रेन हजार घनमीटरला ५० डॉलर देत होता, रशियाने २३० मागितले. १ जानेवारी २००६ रोजी रशियाने युक्रेनचा पुरवठा तोडला. जानेवारी २००९ मध्ये तर युक्रेनमार्गे युरोपला जाणारा वायू सुमारे दोन आठवडे पूर्ण बंद होता. ऐन थंडीत बल्गेरिया आणि स्लोव्हाकिया यांची दैना झाली. त्या देशांचा या तंट्याशी काडीचा संबंध नव्हता.

रशिया आणि जर्मनी यांनी यातून धडा घेतला, तो असा की मधले अंगणच टाळावे. २००५ साली ठरलेली आणि २०११ साली सुरू झालेली नॉर्ड स्ट्रीम वाहिनी बाल्टिक समुद्राच्या तळाशी १,२२४ किलोमीटर धावली, थेट रशियातून जर्मनीत. पोलंड आणि युक्रेन हरकत घेत राहिले. आम्हाला वगळले की आमच्याशी कसेही वागायला रशिया मोकळा, हे त्यांचे म्हणणे. दुसरी जोडवाहिनी २०२१ साली बांधून झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तेव्हा जर्मनी आयात करत असलेल्या वायूपैकी निम्म्याहून अधिक रशियाचा होता. दुसरी वाहिनी सुरूच झाली नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी समुद्रतळाशी स्फोट झाले आणि चारपैकी तीन नळ फुटले.

इतिहासाचा विनोद असा की, युद्ध चालू असतानाही युक्रेनमधून रशियन वायू युरोपला जातच होता. समुद्रातली आडवाट फुटली, जुनी वाट वाहत राहिली. तो प्रवाह थांबला १ जानेवारी २०२५ रोजी, पाच वर्षांचा करार संपला तेव्हा. आणि तो नव्याने करण्यास युक्रेनने नकार दिला. पन्नास वर्षांपूर्वी ज्याची सही कोणी मागितली नव्हती, त्याने सही करायचे नाकारले आणि पडदा पडला.

आपल्या दाराशी

आपल्या देशानेही हा पेच पाहिला आहे. इराणचा वायू पाकिस्तानमार्गे आणण्याची कल्पना १९८९ पासून बोलली जात होती. तीतून भारत पुढे बाहेर पडला. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे येणाऱ्या वाहिनीचा पायाभरणी समारंभ डिसेंबर २०१५ मध्ये झाला, पण भारतात त्यातून वायू आलेला नाही. दोन्ही बेतांत आपण दूरच्या टोकाला, आणि मधली अंगणे आपल्या हाती नाहीत. म्हणून २००४ पासून कतारचा वायू थंड करून, द्रवरूपात, जहाजाने गुजरातेतील दहेजला उतरू लागला.

आणि दाभोळहून निघून कोल्हापूर, बेळगाव, धारवाड करत बेंगळूरला जाणारी वाहिनी २०१३ साली सुरू झाली. तिची एक शाखा गोव्यात उतरते. दोन राज्ये एका रेषेवरून वर्षानुवर्षे भांडत असतानाही तीच रेषा ओलांडून वायू बिनबोभाट जातो, कारण वर एक देश आणि एक कायदा आहे. मधली अंगणे इथे आपल्या शेतकऱ्यांची. १९६२ च्या कायद्याने जमिनीची मालकी त्याच्याकडेच राहते. सरकार केवळ वापराचा हक्क घेते. नळावरच्या पट्ट्यात त्याला पीक घेता येते, पण घर, विहीर किंवा झाड नाही. पिकाची नुकसानी वेगळी मिळते. या बंधनाचा मोबदला मात्र बाजारभावाच्या दहा टक्के. तो पुरेसा आहे का, हे ज्याचे शेत त्याला विचारावे. बॉन आणि मॉस्कोच्या मुत्सद्द्यांनी विचारायचे राहून गेले होते, ते हेच.