हातातील इंटरनेट साधने आणि खासगीपणाची बदलती जाणीव : भारतीय अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठीतील ‘खासगी’ या शब्दामागे मोठा इतिहास आहे. होळकर संस्थानात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे उत्पन्नाचे दोन स्वतंत्र विभाग होते. दौलत ही राज्याची, तर खासगी ही राजघराण्यातील स्त्रीच्या स्वतःच्या ताब्यातील मिळकत होती. या वापरात लपवाछपवीचा अर्थ नाही. स्वतःच्या वस्तूवरील स्वतःचा अधिकार हा अर्थ आहे. भ्रमणध्वनी आणि त्यावरील इंटरनेट यांची चर्चा करताना मात्र खासगीपणा म्हणजे गुप्तता असे गृहीत धरले जाते आणि भारतीय समाजाला, विशेषतः सामान्य माणसाला, त्याची फारशी पर्वा नाही असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी साधनांची रचना, त्यांचा लोकांनी केलेला वापर आणि न्यायालयीन निर्णय या तीन बाबींचा आधार घेतला आहे.

भ्रमणध्वनीपूर्व काळ

भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आणा किमतीचे पोस्टकार्ड सुरू झाले. ते उघडे असे. अक्षरओळख नसलेल्यांना पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे व वाचून घ्यावे लागे. स्वस्त दळणवळणासाठी मजकूर इतरांच्या नजरेस पडणे ही त्याची किंमतच होती. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एस.टी.डी. बूथ गावोगावी पोहोचले. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून तेथे रांगा लागत. काचेची खोली असली तरी बाहेर उभ्या असलेल्यांचे कान आणि समोर पळणारे मीटर यांचे भान ठेवूनच बोलावे लागे. लोकांनी ही स्थिती स्वीकारली, ती पर्याय नव्हता म्हणून. त्यावरून त्यांना एकांत नको होता असे म्हणता येत नाही.

सिम्प्युटर : सामायिक यंत्र, स्वतंत्र कार्ड

या दृष्टीने सिम्प्युटरचा प्रयोग लक्षणीय आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी १९९८ नंतर एका साध्या, स्वस्त व बहुभाषिक लोकसंगणकाची कल्पना विकसित केली. हातात मावणारे हे यंत्र लिनक्स प्रणालीवर चाले. त्याला स्पर्शाने चालणारा पडदा होता आणि भारतीय भाषांतील मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोयही होती. एका कुटुंबाला ते परवडणार नाही, म्हणून शाळा, पंचायत किंवा दुकानदार यांनी ते घ्यावे व गावकऱ्यांनी आळीपाळीने वापरावे, अशी योजना होती. त्याकरिता यंत्रात स्मार्ट कार्डासाठी खाच ठेवण्यात आली. ज्याची माहिती त्याच्या कार्डावर आणि कार्ड त्याच्याजवळ, हे त्यामागील तत्त्व होते. गरीब माणसाची माहितीही त्याच्याच ताब्यात असावी, हा विचार येथे यंत्राच्या घडणीतच होता.

सिम्प्युटर २००४ मध्ये बाजारात आला. तथापि त्याचा प्रसार झाला नाही. किंमत हे त्याचे एक कारण होते. याशिवाय रचनाकारांनी ‘माहिती’ ही लोकांची गरज मानली होती, तर लोकांना प्रथम आपल्या माणसांशी बोलायचे होते आणि तेही स्वतःच्या यंत्रावरून.

भ्रमणध्वनीचा स्वीकार

भारतातील पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. आरंभी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि भ्रमणध्वनी सामान्यांच्या आवाक्यात आला. ‘मिस्ड कॉल’ देऊन पैशाशिवाय निरोप पोहोचविण्याची पद्धत लोकांनी स्वतःच रूढ केली. तो किती वेळा वाजला याचा अर्थ फक्त त्या दोघांनाच ठाऊक असे. एकत्र कुटुंबात स्वतंत्र खोली नसलेल्या व्यक्तीला या यंत्राने प्रथमच स्वतःचा कोपरा मिळवून दिला. त्याला विरोधही झाला. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील सूरज या गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींना भ्रमणध्वनी वापरण्यास बंदी घातली. घर आणि गाव यांच्या नजरेपासून मिळणारा खासगीपणा किती मोलाचा होता, हे अशा बंदीवरूनच स्पष्ट होते.

राज्यसंस्था आणि कंपन्या

राज्यसंस्थेच्या नजरेचा प्रश्न याहून जुना आहे. भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५(२) नुसार संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला होता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार (१९९६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग मानला आणि टॅपिंगचा आदेश गृहसचिवाने द्यावा, समितीने त्याचा फेरविचार करावा, अशी बंधने घातली. हातातील इंटरनेट साधनांपर्यंत हा वाद ब्लॅकबेरीच्या निमित्ताने पोहोचला. कूटबद्ध संदेश वाचता यावेत अशी मागणी सरकारने २००८ पासून केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये सेवा बंद करण्याचा इशारा दिला. सुरक्षेची गरज खरी होती; परंतु चर्चा प्रामुख्याने सरकार आणि कंपनी या दोघांतच झाली. संदेश लिहिणारा नागरिक त्या चर्चेत जवळजवळ अनुपस्थित होता.

कंपन्यांविषयीची जाणीव मात्र उशिरा आली. तिचे पहिले व्यापक रूप म्हणजे नको असलेल्या जाहिरातींच्या कॉलविषयीची चीड होय. त्यातून २००७ मध्ये ‘कॉल नको’ असे नोंदविण्याची राष्ट्रीय व्यवस्था आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने डेटा अत्यंत स्वस्त झाला आणि इंटरनेट हे बहुसंख्यांच्या हातातील साधन बनले. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने वापरकर्त्यांची काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर केले व त्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले. जानेवारी २०२१ मधील धोरणबदलानंतर अनेकांनी अन्य ॲप घेतले. परंतु नातेवाईक, शाळा आणि कार्यालय यांचे गट जुन्याच ठिकाणी असल्याने व्हॉट्सॲप सोडणे कठीण होते. येथे संमती होती, पण निवड नव्हती.

न्यायालयीन मान्यता

न्या. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने जाहीर केले. खासगीपणा ही केवळ अभिजनांची चिंता आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने स्पष्टपणे नाकारला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. त्याचबरोबर शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, भारतीय माणसाला खासगीपणा नको होता हे मत टिकत नाही. तो कोणापासून हवा, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. भ्रमणध्वनी घेताना त्याला तो प्रथम घर आणि शेजार यांच्यापासून हवा होता व तो बऱ्याच अंशी मिळाला. मात्र ज्या यंत्राने घरातील नजरेपासून सुटका केली, त्याच यंत्राने कंपनी आणि राज्यसंस्था यांच्या न दिसणाऱ्या नजरेसमोर त्याला उभे केले. सिम्प्युटरचे यंत्र सामायिक होते, पण माहितीचे कार्ड माणसाच्या खिशात होते. आज यंत्र खिशात आहे आणि माहिती अन्यत्र आहे. ‘खासगी’ या शब्दातील स्वतःच्या अधिकाराचा अर्थ या माहितीला लागू होतो की नाही, यावर नव्या कायद्याचे यश अवलंबून राहील.