गाडीची चावी आणि "कोणाचा रं तू?" : गुराख्यापासून सुप्रीम कोर्टापर्यंत

आज राजकारण नाही. आज गाडीबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

लग्नसराईतली गोष्ट. जालना रोडवरचं एक मंगल कार्यालय. माझ्या मावसभावानं नवी कोरी गाडी घेतलेली. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, पुढे लिंबू-मिरची. कपाशी-सोयाबीनच्या दोन हंगामांचे पैसे आणि वर पाच वर्षांचे हप्ते, असा तो सगळा ऐवज. गेटवर शिट्टी घेतलेला एक पोरगा आला. म्हणाला, "काका, गर्दी आहे, चावी द्या, मी लावतो."

भावाचा हात खिशातून निघेना. त्यानं विचारलं, "नाव काय तुझं? गाव कोणतं? कोणाचा रं तू?"

पोरगा लोणारकडचा निघाला. ओळख काही लागली नाही. मागं गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. शेवटी चावी दिली, पण अक्षता पडेपर्यंत भावाची मान गेटकडेच. जेवणावरही लक्ष नाही. बाहेर आलो तर गाडी लिंबाच्या सावलीत उभी, आणि भावानं विसरून अर्धी उघडी ठेवलेली मागची काच पोरानं वर केलेली.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात मी अशीच चावी दिली होती. गाडी परत आली ती डाव्या दारावर लांब ओरखडा घेऊन. मॅनेजरनं पावती उलटी करून दाखवली. मागं बारीक अक्षरात छापलेलं : वाहन मालकाच्या जबाबदारीवर. मी गप्प बसलो, पैसे भरले आणि निघून आलो. ते गप्प बसणं मला बरेच दिवस टोचत होतं. आपण अनोळखी माणसाच्या हातात आपली सगळ्यात महागाची वस्तू देतो, तेव्हा नेमकं काय देतो? आणि तो काय घेतो? म्हणून थोडं वाचलं. जे सापडलं ते सांगतो.

सकाळी मोजून, संध्याकाळी मोजून

आपल्याकडे चारचाकी आत्ता आली. त्याआधी गावाची गाडी म्हणजे बैलजोडी. आणि ती रोज सकाळी दुसऱ्याच्या हातात जायची, गुराख्याच्या. सगळ्या गावाची ढोरं एक माणूस हाकत न्यायचा. त्याबद्दल त्याला धान्य, भाकरी, सणाला कापड. दिवसभर मालकाचा ढोरांशी संबंध नाही.

हा विश्वास आंधळा होता का? अजिबात नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत गुराख्याचा नियम आहे. त्याचा मथितार्थ असा, की सकाळी जशी जनावरं ताब्यात घेतली, तशीच संध्याकाळी परत करायची. मजुरी घेणाऱ्या गुराख्याच्या निष्काळजीपणानं जनावर मेलं किंवा हरवलं, तर भरपाई त्यानं द्यायची. मनुस्मृतीत तर पुराव्याचीही सोय आहे : जनावर मेलं तर त्याचे कान, कातडं, शेपटीचे केस मालकाला आणून दाखवायचे. म्हणजे "मेलं हो मालक" एवढं तोंडी सांगून चालायचं नाही. पण चोरांनी भर दिवसा जनावर पळवलं आणि गुराख्यानं आरडाओरडा केला, वेळेवर मालकाला कळवलं, तर त्याच्यावर बोल नाही.

याच याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, साधारण नऊशे वर्षांपूर्वी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्याच जुन्या निजामी मुलखातलं गाव. पुढं शेकडो वर्षं देशाच्या मोठ्या भागात हिंदू कायदा मिताक्षरेवर चालला. वारसाहक्कामुळे तिचं नाव आपण ऐकलेलं असतं. पण ठेवीचा कायदाही त्यात आहे. विश्वासानं ठेवलेली वस्तू राजानं नेली, दैवानं गेली किंवा चोरानं पळवली, तर ठेवणारा सुटतो. मात्र मालकानं मागितल्यावर दिली नाही आणि मग ती गेली, तर भरून द्यायची आणि वर दंड. आणि मालकाला न विचारता ती वस्तू स्वतः वापरली, तर दंड वेगळा आणि त्यातून काढलेला फायदाही परत करायचा.

शेवटचं वाक्य परत वाचा. गॅरेजला टाकलेली गाडी घेऊन जो पोरगा मित्रांसोबत ढाब्यावर जाऊन येतो, त्याची सोय तेव्हाच करून ठेवली होती.

घोडा सरकारचा, स्वार बारगीर

पुढं बैलाच्या जागी घोडा धरा. जालना मोगलांच्या काळात मोठी पेठ. मोगल फौजेत एक जुनी लबाडी चालायची. सरकारकडून पैसे चांगल्या घोड्याचे घ्यायचे आणि हजेरीला मरतुकडं तट्टू उभं करायचं. म्हणून घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचा चेहरा कागदावर नोंदवायचा, ही पद्धत अकबराच्या काळात पक्की झाली. आज आपण नंबर प्लेट, चेसिस नंबर आणि लायसनवरचा फोटो म्हणतो ना, तेच.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर. बारगिराच्या हातात दुसऱ्याची मौल्यवान वस्तू. मग भरवसा कसा ठेवला? सभासदाच्या बखरीत ती व्यवस्था आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पावसाळ्यात फौज छावणीला आली की दाणा, वैरण, औषधं, पागांवर छप्पर, सगळं आधी तयार. दसऱ्याला निघताना प्रत्येकाजवळ काय काय आहे याची यादी व्हायची आणि मोहिमेवरून आल्यावर त्या यादीबरोबर झडती. जे सैन्य १६७९ मध्ये जालन्यावर चालून आलं, ते अशा यादीवर चालणारं सैन्य होतं.

यात अपमान कुणालाच वाटत नव्हता. यादी म्हणजे संशय नव्हे. उलट यादी असली की प्रामाणिक माणसावर आळ येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातला एक घोडा

घोड्यावरून आठवलं. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्याच जालना जिल्ह्यात झाली. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढं नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या दिवशी त्याच्याखालचा एक घोडा गोळीनं पडला आणि दुसऱ्याला भाला लागला. तो दुसरा डायोमेड, अरबी जातीचा. तो मुळात वेलस्लीचा नव्हताच. कर्नल अ‍ॅस्टन नावाचा त्याचा मित्र १७९८ मध्ये द्वंद्वयुद्धात जखमी झाला आणि मरता मरता आपला लाडका घोडा वेलस्लीच्या हवाली करून गेला. लढाईनंतरच्या पत्रातही वेलस्ली डायोमेडचा उल्लेख अ‍ॅस्टनचा घोडा असाच करतो. पाच वर्षं स्वतः वापरूनसुद्धा. दुसऱ्यानं विश्वासानं दिलेली वस्तू आपली झाली तरी मनात ती त्याचीच राहते. शत्रूकडचा असला तरी हा गुण मला आवडला.

सराईवाला आणि चोर

प्रवाशाची अडचण मात्र सगळीकडे सारखी. त्याला चौकशी करायला वेळ नसतो. रात्र झाली की समोर दिसेल त्या सराईत घोडा बांधायचा. प्राचीन रोममध्ये यासाठी वेगळाच कडक नियम होता. जहाजवाले, खाणावळवाले आणि तबेलेवाले यांच्याकडे दिलेली वस्तू गेली तर ते थेट जबाबदार. त्यांचा कायदेपंडित उल्पियन कारण सांगतो, की असा नियम नसेल तर या लोकांना चोरांशी संगनमत करायला मोकळं रान मिळेल. हेच तत्त्व पुढं इंग्रजांच्या सराईंच्या कायद्यात दिसतं.

भारतात १८७२ मध्ये करार कायदा झाला. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य, त्यामुळे तो इथं लागू नव्हता. हैदराबाद मुक्त झालं १९४८ मध्ये, आणि केंद्राचे हे कायदे १९५१ मध्ये आपल्यापर्यंत आले. त्यातलं कलम १५१ प्रत्येकानं लक्षात ठेवावं. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं तिची तेवढी काळजी घेतलीच पाहिजे, जेवढी साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. पैसे घेतले असोत वा नसोत. कलम १५४ म्हणतं, ठरल्यापेक्षा वेगळा वापर केला तर त्या वापरात झालेलं सगळं नुकसान त्याच्या माथी. गुराख्याचा नियम आणि ठेवीचा नियम, दोन्ही नवीन कपडे घालून परत आले बघा.

झेन गाडीची एकवीस वर्षं

आता त्या पावतीमागच्या बारीक अक्षरांकडे येऊ.

१ ऑगस्ट १९९८ ची रात्र. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक गृहस्थ मारुती झेन घेऊन गेले. चावी व्हॅलेकडे, म्हणजे हॉटेलच्या गाडी लावणाऱ्या माणसाकडे दिली. रात्री एकच्या सुमारास बाहेर आले तर गाडी नाही. तीन तरुण दुसऱ्या गाडीतून आले होते. परत निघताना त्यांच्यातल्या एकानं झेनची चावी उचलली आणि गाडी घेऊन पसार. विमा कंपनीनं मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग हॉटेलवर दावा लावला. हॉटेल म्हणालं, पावतीवर लिहिलंय ना, मालकाच्या जोखमीवर.

प्रकरण चढत चढत सुप्रीम कोर्टात गेलं. १४ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला आणि हॉटेल हरलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : चावी घेतली म्हणजे गाडी ताब्यात घेतली. गाडी गेली तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी हॉटेलची, गिऱ्हाइकाची नाही. पार्किंग फुकट आहे हे कारण चालणार नाही, कारण त्याचा खर्च इतर बिलातून निघतोच. आणि स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणातून हॉटेलला पावतीवरच्या एका ओळीनं सुटता येणार नाही.

म्हणजे त्या मॅनेजरपुढं मी उगाच गप्प बसलो.

पण एक बारकावा आहे. चावी तुमच्याच खिशात आहे आणि तुम्ही फक्त जागेचे वीस रुपये दिलेत, तर गोष्ट वेगळी होऊ शकते. तिथं तुम्ही गाडी सोपवली की नुसती जागा घेतली, हा प्रश्न येतो. चावी देणं हाच खरा सौदा.

आता मंठ्याचं बोलू

शेगाव-पंढरपूर रस्ता झाल्यापासून आपल्या गावातून बाहेरच्या गाड्या वाढल्या. बाजाराच्या दिवशी बसस्टँडजवळ उभं राहायला जागा नसते. परतूरला रेल्वे पकडणारे लोक दोन-दोन दिवस गाडी कुठंतरी लावून जातात. जुनी "कोणाचा तू?" ही चौकशी आता पुरत नाही, कारण उत्तरात येणारं गावच आपल्याला माहीत नसतं. पण तिच्या जागी नवीन काही आपण आणलं नाही. यादी नाही, मोजणी नाही. राहिला तो नुसता धाक नाहीतर नुसता भरवसा.

म्हणून काही गोष्टी, घरच्या माणसासारख्या सांगतो.

चावी देण्याआधी गाडीला चारी बाजूंनी फिरून मोबाईलवर व्हिडिओ घ्या, किलोमीटरचा आकडाही. पैसे, दागिने, मूळ कागद आत ठेवू नका. नंबर असलेली पावती मागा.

"तुमची गाडी कंपनीला लावतो, महिन्याला भाडं घरपोच" म्हणणाऱ्याला गाडी देण्याआधी दहा वेळा विचार करा. दोन महिने भाडं येतं, मग फोन बंद, आणि गाडी तिसरीकडे गहाण निघते. शिवाय खासगी विम्याची गाडी भाड्यानं चालली तर विमा कंपनी हात वर करते. अशाच एका चोरीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या निकालानंतरही मालकाला ७५ टक्केच रक्कम मिळाली.

गाडी विकली तर नाव बदलल्याशिवाय सोडू नका. सह्या करून कोरे फॉर्म दिले आणि मोकळे झालो, असं नसतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक.

आणि अठरा वर्षांखालच्या पोराला कौतुकानं चावी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मागणी एकच

नगरपंचायत, बाजार समिती आणि मंगल कार्यालयवाले यांना विनंती आहे. दोन भागांची नंबर असलेली पावती ठेवा. जबाबदार माणसाचं नाव आणि फोन पाटीवर लिहा. चाव्या टेबलावर पसरू देऊ नका, कुलपात ठेवा. झेन गेली ती उघड्यावरच्या चावीमुळं. आणि "मालकाच्या जबाबदारीवर" ही पाटी काढून टाका, तिच्यानं सुटका होत नाही.

अजून एक. उन्हात शिट्टी घेऊन उभा असलेला पोरगा हा आपला आजचा गुराखी आहे. शंभर लोकांचा लाखोंचा ऐवज त्याच्या हाती, आणि त्याला सावली नाही, पाणी नाही, हजेरी किती ते विचारायची सोय नाही. लायसन आहे का, हेही कुणी बघत नाही. ओरखडा निघाला की पहिली थप्पड त्याला. पावती आणि नोंद असेल, तर ती गाडीमालकाइतकीच त्या पोरालाही वाचवते.

त्या दिवशी निघताना भावानं पोराला पन्नासची नोट दिली. पोरगा म्हणाला, "काका, काच उघडी होती, आतलं काही गेलं नाही ना, बघून घ्या." भावानं आत वाकून बघितलं. सगळं जागेवर होतं. मग त्यानं स्वतःचं नाव आणि गाव त्या पोराला सांगितलं.

तुमच्याकडे गाडी, बैल, ट्रॅक्टर, काहीही, परक्याच्या हाती दिल्याचा अनुभव असेल, चांगला किंवा वाईट, तर जरूर सांगा.