टी पेशी आणि अवयव-अस्वीकार

प्रत्यारोपित अवयव परका आहे हे ओळखून शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने त्याच्यावर केलेला हल्ला म्हणजे अवयव-अस्वीकार. या हल्ल्याच्या केंद्रस्थानी टी पेशी असतात. रक्तातील या लसिका पेशी अस्थिमज्जेत उगम पावतात आणि उरोस्थीमागच्या थायमस ग्रंथीत परिपक्व होतात.

शोधाचा इतिहास : पीटर मेडावार व टॉमस गिब्सन यांनी ग्लासगो येथे एका भाजलेल्या रुग्णावर दुसऱ्या व्यक्तीच्या त्वचेचे रोपण केले. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली, तेव्हा ती पहिलीपेक्षा लवकर नष्ट झाली. अस्वीकाराला स्मृती असते, म्हणजेच ती प्रतिरक्षेची क्रिया आहे, हे १९४३ मधील त्यांच्या निबंधातून पुढे आले. जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे एकाच्या शरीरातील मूत्रपिंड त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला बसवले. दोघांची जनुके सारखी असल्याने अस्वीकार झाला नाही. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांच्या अंगावर परकी त्वचाही टिकून राहिली. त्यातून टी पेशींचे महत्त्व उघड झाले.

परकेपणाची ओळख : बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए प्रथिने असतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असून ती माणसागणिक वेगळी असतात. पेशीतील प्रथिनांचे तुकडे टी पेशींसमोर मांडणे हे एचएलए प्रथिनांचे नेहमीचे काम. प्रत्यारोपणानंतर दात्याच्या अवयवासोबत आलेल्या द्रुमाकृती पेशी रुग्णाच्या लसिका ग्रंथींत पोहोचतात आणि तेथील टी पेशी त्यांची परकी एचएलए प्रथिने थेट ओळखतात. हा प्रत्यक्ष मार्ग होय. अप्रत्यक्ष मार्गात रुग्णाच्याच पेशी दात्याच्या प्रथिनांचे तुकडे करून ते टी पेशींना दाखवतात. दात्याच्या पेशी संपल्यावरही हा मार्ग चालू राहत असल्याने दीर्घकालीन अस्वीकारात त्याचा वाटा मोठा असतो.

सक्रियण व हानी : नुसत्या ओळखीने टी पेशी कामाला लागत नाही. सीडी २८ या ग्राहीमार्फत तिला दुसरा संकेत मिळावा लागतो. त्यानंतर इंटरल्यूकिन-२ च्या प्रभावाने तिच्या असंख्य प्रती तयार होतात. सीडी ८ टी पेशी परफोरिन व ग्रॅन्झाइम ही प्रथिने सोडून अवयवाच्या पेशी मारतात. सीडी ४ टी पेशी महाभक्षी पेशींना चेतवतात आणि बी पेशींना प्रतिपिंडे तयार करण्यास साहाय्य करतात. मूत्रपिंडाच्या तीव्र अस्वीकारात लसिका पेशी सूक्ष्मनलिकांच्या भित्तींत शिरतात. निदानासाठी सुईने काढलेल्या ऊतींच्या तुकड्यात त्या दिसतात. शस्त्रक्रियेनंतर काही मिनिटांत किंवा तासांत होणारा अतितीव्र अस्वीकार मात्र रक्तात आधीपासून असलेल्या प्रतिपिंडांमुळे होतो.

औषधोपचार : सायक्लोस्पोरिन हे कवकापासून मिळालेले औषध. रॉय कॅल्न यांनी १९७८ मध्ये केंब्रिज येथे रुग्णांसाठी ते वापरले आणि प्रत्यारोपणाच्या यशाचे प्रमाण झपाट्याने वाढले. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधे टी पेशीतील कॅल्सिन्यूरिन हे विकर रोखतात, त्यामुळे इंटरल्यूकिन-२ ची निर्मिती थंडावते. मायकोफेनोलेट पेशींचे विभाजन मंद करते, बॅसिलिक्सिमॅब इंटरल्यूकिन-२ चा ग्राही अडवते, तर बेलाटासेप्ट दुसरा संकेत तोडते. विषाणू व कर्कपेशींशी लढणाऱ्याही टी पेशीच असल्याने या औषधांमुळे संसर्ग व कर्करोगाचा धोका वाढतो. शिवाय कॅल्सिन्यूरिनरोधक औषधांचा मूत्रपिंडावर दुष्परिणाम होतो. तरीही रुग्णाने स्वतःहून औषधे बंद करणे घातक ठरते. अवयव वर्षानुवर्षे उत्तम चालत असला, तरी त्याला परका मानणाऱ्या टी पेशी शरीरात शिल्लक असतात.

सहनशीलता : बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावार यांनी १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भांत दात्याच्या पेशी टोचल्या; मोठेपणी त्या उंदरांनी त्याच दात्याची त्वचा स्वीकारली. मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह मिळाले. प्रतिकार आवरणाऱ्या नियामक टी पेशी रुग्णाच्या रक्तातून वेगळ्या काढून, वाढवून त्यालाच परत देण्याचे प्रयोग आता माणसांवर चालू आहेत. संसर्गाशी लढण्याची क्षमता अबाधित ठेवून केवळ दात्याच्या अवयवापुरता प्रतिकार शमवणे, हे या संशोधनाचे उद्दिष्ट आहे.